घोड्याच्या रंगाची नोंद आणि आनुवंशिकता : मराठा अश्वदलाच्या अभ्यासातील एक प्रश्न

प्रस्तावना

महाड तालुक्यातील रायगड ही शिवछत्रपतींची राजधानी होती. स्वराज्याच्या उभारणीत घोडदळाचा वाटा मोठा होता. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत २५ बारगिरांवर एक हवालदार व ५ हवालदारांवर एक जुमलेदार अशी पागेची रचना सांगितली आहे. बारगिराचा घोडा सरकारचा, तर शिलेदाराचा स्वतःचा असे. त्यामुळे घोड्याची ओळख पटविणे ही हिशेबाचीही बाब होती. या ओळखीसाठी रंगाची नोंद कितपत विश्वसनीय ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंगनामांची परंपरा

बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात अश्वांच्या वर्णांचा व शुभाशुभ लक्षणांचा विचार आढळतो. मराठीत अबलख, कुमेत, सब्जा, नुकरा, पंचकल्याणी अशी नावे रूढ झाली. मोगल लष्करात घोड्याला डाग देत आणि त्याच्या 'चेहऱ्या'त, म्हणजे वर्णनपत्रात, रंगही नोंदवीत. चांगला घोडा दाखवून प्रत्यक्षात हलका घोडा ठेवण्याची लबाडी रोखणे हा त्यामागील हेतू होता.

आनुवंशिकीचा प्रकाश

घोड्याच्या मूळ रंगाशी प्रामुख्याने दोन जनुके निगडित आहेत. पहिले एमसीवनआर, तांबूस रंगाशी असलेला त्याचा संबंध १९९६ मध्ये स्पष्ट झाला. दुसरे एएसआयपी, काळ्या रंगाशी त्याचा संबंध २००१ मध्ये दाखविण्यात आला. तांबूस व काळा हे दोन्ही रंग अप्रभावी असल्याने कुमेत आईबापांपोटी काळे शिंगरू जन्मू शकते. त्यात अपशकुनाचा काही संबंध नाही.

सब्जाची गोष्ट वेगळी आहे. २००८ मध्ये एसटीएक्स-१७ या जनुकातील सुमारे ४,६०० आधारघटकांचा खंड दुप्पट झाल्याने हा रंग येतो, असे सिद्ध झाले. असे शिंगरू काळे, कुमेत वा तांबूस जन्मते आणि साधारणतः ६ ते ८ वर्षांत पांढरे होते. कातडी मात्र काळीच राहते. जन्मतः पांढरा व गुलाबी कातडीचा घोडा याहून निराळा. अशा अनेक घोड्यांत केआयटी जनुकातील बदल आढळले आहेत.

निष्कर्ष

यावरून असे दिसते की, दुसऱ्या वर्षी 'काळा' आणि दहाव्या वर्षी 'पांढरा' म्हणून नोंदलेला घोडा एकच असू शकतो. केवळ रंगभेदावरून दोन घोडे मोजणे, अथवा शिलेदारावर अदलाबदलीचा ठपका ठेवणे, अभ्यासकाला चुकीच्या मार्गावर नेईल. पंचकल्याण्याची पांढरी चिन्हेही सब्जा घोड्यात वयपरत्वे अंगाच्या पांढरेपणात दिसेनाशी होतात. डाग मात्र टिकतो. म्हणून रंगाची नोंद वाचताना घोड्याचे वय, नोंदीचे वर्ष आणि डाग यांची सांगड घालणे आवश्यक आहे. रंगनाम हे घोड्याच्या एका वेळच्या रूपाचे वर्णन असते, त्याच्या वंशाचे नव्हे.