स्तनाचे एमआरआय
प्रबळ चुंबकीय क्षेत्र व रेडिओ तरंगांनी, क्ष-किरणांविना, स्तनातील अर्बुदे शोधण्याची प्रतिमादर्शन पद्धती [⟶ कर्करोग, चुंबकीय अनुस्पंदन]. मूळ तंत्राबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्तनतपासणीत गॅडोलिनियमयुक्त द्रव्य १९८० नंतरच्या दशकात आले.

रुग्णाला पालथे निजवून स्तन संवेदक वेटोळ्याच्या पोकळ्यांत मोकळे सोडतात. शिरेतून गॅडोलिनियम देऊन लागोपाठ प्रतिमा घेतात. कर्कार्बुदातील नव्या, झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळे ते पहिल्या दोनेक मिनिटांत उजळते व पुष्कळदा लगेच मंदावते. सौम्य गाठी बहुधा सावकाश उजळत राहतात. पाण्याच्या रेणूंचे विसरण दाखवणाऱ्या प्रतिमांवरून पेशींची दाटी कळते. पाळीच्या ७ ते १४ व्या दिवसांत स्तनातील निरोगी ऊतक कमी उजळत असल्याने तपासणी तेव्हा करतात.

बीआरसीए या स्तनकर्करोगाशी निगडित जनुकांत उत्परिवर्तन असलेल्या स्त्रियांत ही पद्धती मॅमोग्राफीहून (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीहून) अधिक संवेदनक्षम आहे. सूक्ष्म कॅल्शियम-कण मात्र मॅमोग्राफीतच नीट दिसतात. निरुपद्रवी गाठीही उजळतात, म्हणून निदान ऊतकपरीक्षेनेच पक्के होते. खर्चामुळे सरसकट चाळणीस एमआरआय परवडत नाही; त्यासाठी स्वस्त पर्यायही अजमावले गेले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांत केलेल्या चाळणीच्या चाचणीत प्रशिक्षित सेविकांनी स्तन हाताने तपासले. त्यामुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले [⟶ मॅमोग्राफी].