भिंगार ते जमरूद : वीस दिवसांचे अंतर

आजची सुरुवात एका न झालेल्या प्रवासापासून करू. आपल्या जिल्ह्यात काकडीला शिर्डीचा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला. तिथून पेशावरचा विमानतळ सरळ रेषेत साधारण सोळाशे किलोमीटर. जेट विमान असते, तर अडीच तासांत पोचलो असतो. तसे विमान नाही, ते सोडा. पण हेच अंतर 1707 साली एका बातमीने कापले, आणि तिला जवळजवळ वीस दिवस लागले.

3 मार्च 1707. भिंगारजवळच्या छावणीत औरंगजेब वारला. मुलगा आझम माळव्याकडे निघाला होता, पण फार लांब गेला नव्हता. तो लगेच परतला आणि बादशहा म्हणून मोकळा झाला. थोरला मुअज्जम कुठे? पेशावरच्याही पलीकडे, खैबरच्या तोंडाशी, जमरूदला. त्याला कळले तेव्हा मार्चचा तिसरा आठवडा उलटला होता.

आता नकाशा बघा. दोघांनाही गाठायचे होते आग्रा, कारण खजिना तिथे. आग्रा नगरपासून सरळ रेषेत हजाराच्या आत-बाहेर, आणि जमरूदपासूनही जवळपास तेवढेच! म्हणजे अंतर सारखे, वर आझमला तीन आठवड्यांची आघाडी. आम्हाला कुणी हे नुसते गणित म्हणून घातले असते, तर आम्ही बेधडक आझम लिहिले असते.

पण झाले उलटेच. मुअज्जमचा पंजाबातला माणूस मुनीम खान. त्याने आधीच गुपचूप तयारी ठेवली होती : ओझ्याची जनावरे, नद्यांवर पूल, पैसा. शिवाय मुअज्जमचा मुलगा अजीम-उश-शान बंगालकडून येऊन आग्र्यात आधीच ठाण मांडून बसला. आणि आझमचा मुलगा बेदारबख्त? तो गुजरातेत होता, बापापेक्षा आग्र्याला जवळ. त्याने सुसाट जायला हवे होते. पण बापाला पोराचाच संशय. त्याला माळव्यात थांबवून ठेवले. ते दिवस गेले ते गेलेच. पुढे ऐन उन्हाळ्यात, पाण्याचे हाल सोसत आझम आग्र्याजवळ जाजऊला पोचला आणि जूनमध्ये तिथेच मारला गेला. बेदारबख्तही गेला. मुअज्जम बहादूरशहा झाला.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही अवकाश आणि काळ यांवर वर्षानुवर्षे बोललो. अंतर म्हणजे काय, हे मात्र या शर्यतीने आम्हाला जास्त नीट समजावले. कोणाच्या वाटेवर पूल बांधून ठेवलाय आणि कोणाला वाटेत अडवून ठेवलेय, हे किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही.

आपल्या दृष्टीने या धावपळीतली मोठी घटना तर वाटेतच घडली. उत्तरेकडे जाताना आझमने मे महिन्यात, भोपाळजवळ दोराह्याला, शाहूंना सोडले. पाठीमागे मराठ्यांत दुफळी पडावी, हा हिशेब. शाहू सतरा वर्षांहून अधिक काळ मोगलांच्या कैदेत होते. ते दक्षिणेकडे वळले. समोर ताराबाई होत्या. तिथपासून पुढच्या वेळी.