फक्की कोण मारणार?

शाळेच्या खेळांवर कुणीतरी लिहा, असे स्मरणिका समितीने सांगितले आणि आपल्या वर्गातले खरे खेळाडू नेहमीप्रमाणे पसार झाले. म्हणून हे काम माझ्यासारख्या राखीव खेळाडूकडे आले.

गेल्या वर्षी तीर्थपुरीला आले तेव्हा सर सांगत होते, मुलींचा खो-खो संघ तालुक्याला गेलाच नाही. बारा जणी तयार होत्या, पण सोबत बाईमाणूस हवे आणि एकही आई मिळाली नाही. "पालकांना गरजच वाटत नाही," सर म्हणाले. सरांचा मान राखून सांगते, हे मला अर्धेच खरे वाटते.

आपल्याकडे खेळ मुळात शाळेचा नव्हताच. तो तालमीचा आणि जत्रेचा. कुस्त्यांसाठी गाव वर्गणी काढायचे, माती उकरायचे, पंच नेमायचे, हलगीवाल्याला सांगावा धाडायचे. कुणाचे पोर लढते आहे हे न बघता. बलोपासना सांगणाऱ्या समर्थांचे जांब आपल्याच तालुक्यात. पण निजामाच्या राज्यात आखाडा काढायला किंवा खासगी शाळा उघडायलाही सरकारी परवानगी लागे. तिकडे पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम बसवले, 1924 मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमपुस्तिका काढली. संध्याकाळी मोकळी असणारी शहरी माणसे त्यामागे होती. आपण 17 सप्टेंबर 1948 ला मोकळे झालो. पुढे शाळा वाढल्या, खेळ शाळेत आला, आणि जे काम गाव वाटून घेत होते ते सगळे एकट्या पी. टी.च्या सरांच्या गळ्यात पडले. फक्की मारायची त्यांनी, खांब रोवायचे त्यांनी, शिट्टीही त्यांचीच. गावाला कुणी बोलावले नाही, आणि गावानेही विचारले नाही.

त्यात शालेय स्पर्धांचे वेळापत्रक. तालुक्याच्या फेऱ्या बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन खुरपणी-फवारणीत. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, आणि त्यानंतर कित्येक घरे कोयते घेऊन ऊसतोडीला. माझ्या आईने मला खेळताना एकदाही पाहिले नाही. एक दिवस मैदानावर म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, एवढा सरळ हिशोब होता.

हे दुखणे आपलेच आहे असेही नाही. अमेरिकेत कार्ल स्टॉट्झ यांनी 1939 मध्ये विल्यम्सपोर्ट गावात मुलांची बेसबॉल लीग सुरू केली ती आपल्या भाच्यांसाठी. संघ तीनच होते. खर्चाला स्थानिक व्यापारी आणि संघ सांभाळायला ओळखीतली माणसे त्यांनी घरोघर, दुकानोदुकान फिरून मिळवली. तिथेही पालक आपणहून रांगेत उभे नव्हते.

आपल्याकडे पुढे कायदा आला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य बंधनकारक केले, व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक घातले, निम्म्या महिला. पण समितीची कामे कोणती? देखरेख, विकास आराखडा, अनुदानाचा हिशोब. म्हणजे सही करायला पालक आला, फक्की मारायला नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज दिसते तेच: "सर्वांनी सहकार्य करावे" असा मेल टाकला की कुणीच हलत नाही, आणि नाव घेऊन एक काम दिले की ते होते.

आठवा, आपल्या वेळी एका मैत्रिणीचे वडील आम्हाला टेम्पोतून तालुक्याला न्यायचे. सरांनी त्यांना नोटीस पाठवली नव्हती. आदल्या रात्री घरी जाऊन चहा घेतला होता, बस.

हे लिहिण्याआधी, आता गावातच संसार करणाऱ्या वर्गातल्या दोघींना फोन केला. दोघींच्याही मुली शाळेत आहेत. एक म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं." दुसरीने अट घातली: तारीख पंधरा दिवस आधी कळली पाहिजे, म्हणजे खुरपणीच्या बाया त्या हिशोबाने लावता येतील. दोघींचे नंबर मी सरांना दिले आहेत. मेळाव्याला येणाऱ्या गावातल्या बाकीच्यांनी आपापले नंबर आणि मोकळे दिवस स्वागतकक्षातल्या वहीत लिहावेत. वही मी घेऊन येते आहे.