दिनविशेष : ७ जानेवारी

१८५८ : कुलाब्याच्या सेंट जॉन चर्चचा अभिषेक. पहिल्या अफगाण युद्धात कामी आलेल्यांचं हे स्मारक, म्हणून मुंबईकरांचं ‘अफगाण चर्च’. बांधणी गॉथिक, रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या.

उजेड ही देवाचीच खूण, असं मध्ययुगीन ख्रिस्ती मन मानी. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाचे प्रमुख सुजेर यांनी ११४४मध्ये ते दगडात उतरवलं : भिंतींचा भार खांब-कमानींवर घेतला आणि मोकळ्या जागी काचा बसवल्या; गॉथिक बांधणी ती हीच. वेदी पूर्वेकडे, कारण उगवता सूर्य म्हणजे पुनरुत्थान. तेव्हा अफगाण चर्च पाहायला द्वारका चौकातून निघणाऱ्या नाशिककरांनी पहाटेच मुंबईची गाडी धरावी. पूर्वेच्या खिडकीचे रंग दुपारी उतरतात.

मनोरा मात्र १८६५पर्यंत रखडला. त्याला हातभार लागला एका पारशाचा, कावसजी जहांगीर यांचा.