चोर ओळखायचा खेळ

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, सह्या झाल्या, आणि चहा येईपर्यंत एका वहिनींनी तक्रार काढली. "ताई, माह्या पोट्ट्याच्या मोबाईलमंदी खून करायचा खेळ हाय. एक जन गुपचूप दुसऱ्याले मारते, आन् मंग सारे बसून इचारतात, कोनं मारलं? कापूस वेचाले चाल म्हनलं तं म्हनते, थांब आई, मतदान चालू हाय."

सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. "पोरगं बिघडन का यानं?" असं त्यांनी मला सरळ विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. रेडिओवर सांगते म्हटलं, आणि शोधायला लागले. बी.ए.ला इतिहास होता माझा, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी कुठून आली हे पाहायची खोड आहे.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. राजा, प्रधान, शिपाई, चोर. चार चिठ्ठ्या उधळायच्या, एकेक उचलायची. राजाने शिपाई कोण विचारलं की शिपायाने हात वर करायचा, आणि उरलेल्या दोघांत चोर कोण ते तोंडाकडे पाहून ओळखायचं. आमच्याकडे राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला शून्य गुण असत. शिपाई चुकला तर त्याचे ५०० चोराला जात. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या खेळात मजा कशाची होती? माझी आतेबहीण चोर झाली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. तो पाहण्याची मजा होती. समोरचं माणूस काहीतरी लपवतंय आणि ते मला दिसतंय, हे सुख लहानपणापासूनचं आहे.

मोठ्यांना हेच सुख पुस्तकांनी दिलं. बाबूराव अर्नाळकरांचं नाव तुमच्यापैकी कुणी सासऱ्यांच्या, मामांच्या तोंडून ऐकलं असेल. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा छापून आल्या, आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू हे त्यांचे नायक. माझ्या मामांच्या ट्रंकेत, धोतरांच्या खाली, अशा पुस्तकांची चळत होती. मामी ती दुपारी वाचायची आणि संध्याकाळी परत धोतरांखाली ठेवायची. मामांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आले. मग टीव्ही आला, दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आलं, आणि १९९८ पासून वीस वर्षं शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न हात हलवत विचार करत राहिला. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पण पुस्तकात काय होतं? शोध धनंजय लावतो, आपण मागे मागे चालतो. स्वतः शोधायचं असेल तर खेळच पाहिजे.

दुसरं महायुद्ध चालू असताना इंग्लंडमध्ये रात्री दिवे लावायला बंदी होती, बॉम्ब पडायचे. लोक घरात कोंडलेले. तेव्हा बर्मिंगहॅम शहरातल्या अँथनी प्रॅट नावाच्या माणसाने एक पटाचा खेळ तयार केला, आणि त्याचा पट त्याच्या बायकोने, एल्वाने, आखला. एका मोठ्या घरात खून झालाय. संशयित सहा, हत्यारं सहा, खोल्या नऊ. कुणी, कशाने, कुठे, एवढं शोधायचं. गुणाकार करून पाहा, ३२४ शक्यता होतात. एकेक शक्यता खोडत जायचं. युद्धानंतर मालाची टंचाई होती म्हणून तो खेळ दुकानात यायला १९४९ उजाडलं. 'क्लूडो' त्याचं नाव. बाहेर खरी माणसं मरत असताना लोकांना घरात बसून खोट्या खुनाचा खेळ खेळावासा वाटला, हे मला आधी विचित्र वाटलं. मग वाटलं, बॉम्ब कुणावर पडेल त्याला काही कारण नसतं. या खेळात प्रत्येक मरणाला कारण असतं आणि ते सापडतं.

आता संगणकाकडे येते. ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स नावाची बाई होती. वय सत्तावीस, घरी दोन लहान मुलं. नवरा केन संगणकाचं काम करायचा. त्या काळी संगणकावर जे शोधाचे खेळ होते त्यात नुसतीच अक्षरं असत. तुम्ही गुहेत आहात, उत्तरेला वाट आहे, असं लिहून यायचं आणि आपण शब्द टाइप करून उत्तर द्यायचं. रॉबर्टाला त्याचा नाद लागला. खेळ संपला तसा तिने दुसरा शोधला, मनासारखा मिळेना. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने स्वतःच एक रचला. जुना वाडा, आत सात माणसं, कुठेतरी लपवलेले दागिने, आणि एकेक माणूस मरत जातो. कल्पनेला आधार अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीचा होता. अगाथाबाई स्वतः पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम करून विषांची माहिती शिकलेली.

रॉबर्टा नवऱ्याला म्हणाली, यात चित्रं पाहिजेत. असं तोवर कुणी केलेलं नव्हतं. तिने साठ-सत्तर चित्रं काढली, साध्या रेघांची, माणसं तर काड्यांसारखी. केनने रात्री बसून त्यांचा प्रोग्रॅम केला. १९८० साली 'मिस्टरी हाउस' या नावाने खेळ बाहेर पडला. डबा नाही, खोका नाही. आपण मसाला भरतो तसल्या बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत तबकडी घालून तो विकला. हजारोंनी खपला. मैत्रिणींनो, घरच्या संगणकावरचा चित्रांचा पहिला शोध-खेळ हा खुनाचा होता आणि तो एका आईने ओट्याशेजारी बसून बनवला. आपल्या पापड-लोणच्याच्या पिशव्या मला एकदम आठवल्या.

आता वहिनींच्या पोराचा खेळ. त्याची आई म्हणावी असा एक खेळ १९८६ च्या सुमारास रशियात, मॉस्को विद्यापीठात जन्मला. मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या दिमित्री दाविदोव्हने तो काढला. त्याला पट लागत नाही, संगणक लागत नाही. दहा-बारा जण गोल बसतात. दोघांना गुपचूप सांगितलेलं असतं की तुम्ही मारेकरी. रात्र झाली, गाव झोपलं, असं म्हटलं की सगळे डोळे मिटतात. मारेकरी डोळे उघडतात आणि एकाला खुणेने मारतात. सकाळ होते. गाव जमतं, एकमेकांवर संशय घेतं, आणि मतदान करून एकाला बाहेर काढतं. मग पुन्हा रात्र. मारेकरी थोडे, पण त्यांना सगळं ठाऊक. गाव मोठं, पण त्याला काहीच ठाऊक नाही.

अमेरिकेतल्या एका लहानशा कंपनीने २०१८ मध्ये हेच मोबाईलवर आणलं. 'अमंग अस' त्याचं नाव. गावाच्या जागी अवकाशयान, आणि मारेकऱ्याला म्हणतात इम्पोस्टर, म्हणजे तोतया. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, त्यातला शब्द. त्या तोतयाला १७७६ साली मृत्युदंड झाला. पण भाऊ गेले हे पार्वतीबाईंनी मरेपर्यंत मानलं नाही. असो. तर दोन वर्षं हा खेळ फारसा कुणाला माहीत नव्हता. २०२० ला कोरोना आला, शाळा बंद झाल्या, पोरं घरात कोंडली, अभ्यासासाठी हातात मोबाईल आला, आणि खेळ जगभर पसरला. पुन्हा कोंडलेली माणसं, पुन्हा बाहेर मरण.

मी भाच्याजवळ बसून तो खेळले. मारणं त्यात सेकंदाचं काम आहे, बाहुल्या पडतात, बस. वेळ जातो तो बोलण्यात. तू कुठे होतीस? त्या खोलीत मी होतो, तू नव्हतीस. मी पहिल्याच डावात गप्प राहिले, म्हणून सगळ्यांनी मलाच मत दिलं आणि मला बाहेर फेकलं. मग पडद्यावर अक्षरं आली, ही तोतया नव्हती. ती अक्षरं पाहून माझ्या पोटात गोळा आला. कशामुळे, ते सांगते.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या एका गटाच्या पेटीत १२०० रुपये कमी भरले. पेटीच्या तीन किल्ल्या तिघींकडे. त्यातली एक ताई आधीच्या बैठकीला आली नव्हती. त्याच आठवड्यात तिच्या घरी सिलेंडर आला होता. पोरीच्या पायात नवी चप्पल होती. विचारलं तर ती काही बोलली नाही, खाली पाहत बसली. सगळं जुळत होतं. अकरा बायकांत दहांचं एकमत झालं. मी तोंडाने नाव घेतलं नाही, पण अडवलंही नाही. खरं सांगते, त्या दिवशी मनात कुठेतरी शोध लागल्याचं समाधानसुद्धा होतं. सतरा दिवसांनी रोकडवही तपासताना दिसलं, एकीची १२०० ची परतफेड दोनदा जमा लिहिली होती. पेटीतून एक रुपयाही गेला नव्हता. अक्षर माझं होतं.

आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिने चहा केला. गटात मात्र ती परत आली नाही.

हे तरी बाराशेचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. त्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने संशयावरून ठार मारलं. तिथे कुठल्याही पडद्यावर अक्षरं उमटली नाहीत. आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की 'असेल' आणि 'आहेच' यांच्यात फार अंतर असतं, आणि नुसत्या अंदाजावर शिक्षा देता येत नाही. धनंजयची पुस्तकं वाचताना ते अंतर कळत नाही, कारण त्याचा अंदाज नेहमी बरोबरच येतो. पोरांच्या खेळात तो दर दुसऱ्या डावाला चुकतो आणि चुकल्याचं तोंडावर कळतं. आपल्या चिठ्ठ्यांच्या खेळात तर चुकणाऱ्या शिपायाला स्वतःच्या ५०० गुणांना मुकावं लागतं. माझे गुण कुणी कापले नाहीत.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, खेळ बंद करू नका, पण पोरगं कुणाबरोबर खेळतं ते पाहा. अनोळखी माणसांशी लिहून बोलता येतं त्यात, तिथे लक्ष ठेवा. पैसे देऊन रंगीत टोप्या घेता येतात, तेव्हा बँकेला जोडलेला फोन त्याच्या हाती नको. आणि एकदा स्वतः शेजारी बसा.

त्या बसल्या. परवा बैठकीत सांगत होत्या, "चार डाव थो तोतया झाला, तीन डाव म्या पकडला. लबाड बोलला का बापावानी मान खाजवते."