लखनौचा तोरा

'तोरा' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ऐट उभी राहते. नबाबी लखनौत मात्र या शब्दाला खमंग अर्थ होता. लग्नकार्याच्या निमित्ताने आप्तेष्टांच्या घरी जे भोजन पाठवीत, त्याला तेथे तोरा म्हणत. १७७५ साली नबाब आसफउद्दौला यांनी अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस आणली आणि पाककलेला तेथे राजाश्रय लाभला. अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी 'दिलगुदाज' मासिकातील आपल्या लेखमालेत या तोऱ्याचे साग्र वर्णन केले आहे. पुलाव, मुतंजन, शीरमाल, कोरमा, शामी कबाब, मुरंबा अशा ठराविक पदार्थांची तबके निघत. त्यांवर घुमटाकार झाकण, झाकणावर पांढरे वस्त्र आणि गाठीवर लाखेची मोहर असे. वाटेत कोणी हात लावला नाही, याची ती ग्वाही होती.

बाजाराची रीत निराळी. तेथे मोहर नव्हती, वाणी होती. काकडीवाला आपल्या मालाला लैलाच्या बोटांची आणि मजनूच्या बरगड्यांची उपमा देई. ते काव्य ऐकून गिऱ्हाईक हसे, थांबे आणि घासाघीस करून घेऊन जाई. १९०५ साली हाजी मुराद अली यांनी चौकात कबाबाचे दुकान थाटले. त्यांना एकच हात होता, म्हणून लोक त्यांना 'टुंडे' म्हणू लागले. गिऱ्हाइकांनी ठेवलेले ते नाव हीच दुकानाची जाहिरात ठरली.

आज चौकातला कबाब झोमॅटो-स्विगीच्या स्वारांकरवी घरपोच जातो. आरोळीची जागा मोबाइलवरील चित्राने, सवलतीने आणि ताऱ्यांच्या मोजणीने घेतली आहे. यात छोट्या खानावळीचा लाभ आहेच. तिची कीर्ती गल्लीबाहेर पोहोचते. परंतु २०२१ साली उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार नेली, तिच्यातील एक मुद्दा मूलगामी होता : आमचे अन्न कोण खातो, हेच आम्हांला कळू दिले जात नाही. आयोगाने २०२२ साली काही मुद्द्यांच्या चौकशीचा आदेश दिला.

मुंबईचा डबेवाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्याच्या घरचे अन्न वाहत आला; पण डबा कोणाचा व कोणासाठी, हे दोन्ही टोकांना ठाऊक असे. तोऱ्याचेही तसेच होते.

२०२५ साली युनेस्कोने लखनौला पाककलेची सर्जनशील नगरी म्हणून गौरविले. हा मान रांधणाऱ्या आणि जेवणाऱ्या पिढ्यांच्या परस्पर ओळखीतून आलेला आहे. मोहर लाखेची असो वा पडद्यावरची, तिच्याखाली रांधणाऱ्याचे नाव जेवणाऱ्याला आणि जेवणाऱ्याचे रांधणाऱ्याला वाचता आले, तरच तो टिकेल.