शिफा, जब्र, अजा : बरे करणाऱ्या अरबी धातूंची कुळे (बहरीन)

अरबी शब्दाचा गाभा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. त्याला धातू म्हणावे. स्वर आणि उपसर्ग बदलले की त्यातूनच क्रियापदे आणि स्थान, कर्ता, उपकरण यांची नामे निघतात. बरे करणे आणि दुःखात धीर देणे या दोन्ही अर्थांना स्पर्श करणारे काही धातू बहरीनच्या रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांतले बरेचसे फारसीमार्गे मराठीतही आले, पण निम्मा अर्थ वाटेत सांडून.

आजाऱ्याला बहरीनी माणूस ‘मा तशूफ शर’ (तुझ्या नजरेस वाईट न पडो) म्हणतो आणि ‘आफिया’ मागतो. आफिया म्हणजे धडधाकट प्रकृती. तिचा धातू ऐन-फा-वाव. त्याचा एक जुना अर्थ पुसून जाणे : वाळूतल्या खुणा वाऱ्याने जशा पुसतात तसे. अपराध पुसला की ‘अफ्व’, म्हणजे क्षमा. आपल्याकडे शेतसारा ‘माफ’ होतो, चूक झाली की ‘माफी’ मागतात, ती याच धातूची. प्रकृतीचा अर्थ मात्र मराठीत उतरला नाही.

शीन-फा-या या धातूपासून ‘शिफा’ (रोगमुक्ती) आणि ‘मुस्तश्फा’ (रुग्णालय) हे शब्द होतात. मुस्तश्फाची घडण प्रामाणिक आहे : ‘जिथे शिफा मागितली जाते ती जागा’. मिळेलच अशी हमी शब्दात नाही. राजधानी मनामा येथे अमेरिकन मिशनने १९०३ साली मेसन मेमोरियल रुग्णालय उघडले. आजही ती संस्था अरबीत ‘मुस्तश्फा’ म्हणूनच ओळखली जाते. शिफा केवळ देहाची नसते. कुराणाच्या दहाव्या सुरेत अंतःकरणातल्या व्यथेवरील उपायालाही हाच शब्द आहे. इब्न सिनाचा ‘किताब अल्-शिफा’ वैद्यकाचा ग्रंथ समजून उघडणाऱ्याची फसगत होते. तो तर्क आणि तत्त्वज्ञानाचा ग्रंथ. वैद्यक त्याच्या ‘अल्-कानून’मध्ये आहे. या धातूला एक काळी बाजूही आहे : ‘तशफ्फी’ म्हणजे वैऱ्याचे वाईट झालेले पाहून मनाला मिळणारा थंडावा.

उपचार आणि सांत्वन यांची सर्वांत जुनी गाठ मात्र हमजा-सीन-वाव या धातूत आहे. ‘आसी’ म्हणजे जखमेवर उपचार करणारा, ‘मुवासात’ म्हणजे सांत्वन. दहाव्या शतकातील कोशकार इब्न फारिस या धातूचा मूळ अर्थ उपचार व दुरुस्ती असा देतो, आणि शेवटी वावऐवजी ‘या’ आला की अर्थ दुःख होतो असेही नोंदवतो. एका अक्षराने वैद्य आणि व्यथा वेगळे होतात. अक्कडी भाषेत वैद्याला ‘असू’ म्हणत, अरामीत ‘आस्या’. म्हणजे शब्द इस्लामपेक्षा कितीतरी जुना.

बरे करण्याची एक जुनी कथा बहरीनशीही जोडलेली आहे, कारण बहरीन म्हणजे प्राचीन दिलमून. सुमेरी पुराणकथेत एन्की देवाची आठ अंगे दुखू लागतात आणि निनहुर्सग देवी प्रत्येक अंगासाठी एकेक देवता जन्माला घालते. कुशीसाठी जन्मलेला एन्सग दिलमूनचा स्वामी होतो. अंगाच्या नावाशी देवतेचे नाव ध्वनीने जुळवण्याचा तो खेळ आहे. सुमेरी भाषा अरबीप्रमाणे सेमिटिक कुळातली नाही, म्हणून या कथेवरून अरबी धातूंची व्युत्पत्ती सांगू नये. नुसत्या ध्वनिसाम्याने अरबीतही चकवा बसतो : ‘तिब्ब’ (वैद्यक) आणि आपली ‘तब्येत’ सख्ख्या बहिणी वाटतात, पण तब्येतीचा धातू ता-बा-ऐन, ठसा उमटणे या अर्थाचा.

जीम-बा-रा हा धातू मराठी वाचकाला चक्रावून टाकणारा. आपल्याला त्यातून ‘जबर’, ‘जबरी’ एवढेच मिळाले. अरबीत ‘जब्र’ म्हणजे बळजबरी, तसेच मोडलेले हाड बसवणे. ‘जबीरा’ ही हाडाला बांधायची खपाची, ‘मुजब्बिर’ हा हाडवैद्य. नवव्या शतकात गणिती अल्-ख्वारिज्मीने समीकरणात वजा झालेले पद दुसऱ्या बाजूला भरून काढण्याच्या क्रियेला हेच नाव दिले. त्यावरूनच ‘अल्जिब्रा’. स्पॅनिशमध्ये पूर्वी ‘अल्खेब्रिस्ता’ म्हणजे हाडे बसवणाराही असे. आणि दुखावलेल्या माणसाची समजूत घालणे हे अरबीत ‘जब्र अल्-खवातिर’, मोडलेली मने सांधणे. खवातिर हे ‘खातिर’चे अनेकवचन, म्हणजे ‘खातरजमा’तली खातर. जबर आणि खातर हे दोन्ही शब्द मराठीत आहेत. ते एकत्र मात्र कधी आले नाहीत.

‘अजा’ म्हणजे धीर धरणे. त्यावरून ‘तअजिया’, मृताच्या आप्तांचे सांत्वन. घरातले कोणी वारले की साधारण तीन दिवस सांत्वनाची बैठक असते, स्त्री-पुरुषांची वेगळी. बहरीनच्या शिया समाजात मात्र ‘अजा’ म्हटले की मुहर्रमच्या मिरवणुका डोळ्यांसमोर येतात. जुन्या मनामाच्या गल्ल्यांतून त्या ‘मातम’ नावाच्या सभागृहांभोवती निघतात. आशुराला, म्हणजे मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, देशात सरकारी सुट्टी असते. इथे ‘मातम’ वास्तूचे नाव झाले. भारतात तो शब्द शोकाला आणि ऊर बडवण्याला उरला. तअजियाचे आपल्याकडे ‘ताजिया’ झाले : सांत्वनाची कृती नव्हे, तर कबरीची बांबू-कागदाची डौलदार प्रतिकृती. महाराष्ट्रात तिला ताबूतही म्हणतात. अरबीत ताबूत म्हणजे पेटी किंवा शवपेटी. गावोगाव हिंदूही ताबुतांपुढे नवस बोलत आले. मिरवून झाले की ते पाण्यात ‘थंडे’ करतात, आणि म्हणूनच एखाद्याची बढाई ओसरली की मराठीत त्याचे ताबूत थंडावले असे म्हणतात.